शर्ट पुढून दोन बोटं वर

माझा आवाज मोठा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण या सगळ्या प्रकरणातला मुख्य आरोपी तोच. मोठा म्हणजे किती? मी तिसगावात दवाखान्याच्या ओट्यावर शिंकलो, की करंजी घाटातले ट्रकवाले गिअर बदलतात. आमच्या लग्नात मी अंतरपाटाआडून भटजींना "आटपा आता" म्हणालो, ते पलीकडच्या मांडवातल्या भटजींनी ऐकलं आणि तिथलं लग्न आमच्या आधी लागलं. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते आमच्या घरी विचारू नका.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या प्रॅक्टिसमधले रोमहर्षक विजय लिहा" असं कळवलं आहे. विजय लिहायला बसलो तर पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूलाही जागा उरेल. तेव्हा एक पराभवच लिहितो. तो जरा लांबीला आहे.

तिसगावात मी एकतीस वर्षं दवाखाना चालवला. अगदी हमरस्त्याला लागून. आत टेबल, तपासायचा बाक, आणि बाहेर ओट्यावर भाऊसाहेब कंपाउंडर. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे आणि नव्वद पटींनी शहाणे. बाजाराच्या दिवशी एवढी गर्दी व्हायची, की नंबर लावायची भानगड मी ठेवलीच नाही. खुर्चीत बसूनच ओरडायचो, "जुलाब कोण आहे? आत या! गुडघा, तुम्ही बसा. खरूज, जरा लांब बसा!" त्यामुळे कुणाला काय झालंय ते शेळीबाजारापर्यंत कळायचं. पेशंटची गोष्ट गुप्त ठेवायची असते, हे कॉलेजात शिकवलं असणार. मी त्या तासाला बहुधा बोलत होतो.

दुसरी माझी खोड म्हणजे चालीवरून निदान. पेशंट रस्ता ओलांडून ओट्यापर्यंत येईतो मी रोग सांगून मोकळा. एकदा शेळी विकायला आलेले एक आजोबा रस्त्यानं चालले होते. मी ओट्यावरून हाक मारली, "आजोबा, उजवा हात का हलत नाही चालताना?"

"शेळीची दोरी धरलीय की हातात!"

सगळा बाजार मला हसला. आजोबांनी मला खोटं पाडायला दोरी सोडली. शेळी पळाली, हात मात्र हलला नाही. पार्किन्सन निघाला. त्या एका शेळीवर मी पुढची पंधरा वर्षं काढली.

हालचालींचे रोग म्हणजे ढोबळमानानं दोन घोळ. एकात नको तिथं हालचाल होते: हात कापतो, मान वळते, पाय झटका मारतो. दुसऱ्यात हवी तेवढी होत नाही: माणूस संथ होतो, आखडतो. अंगातल्या प्रत्येक हालचालीला मेंदूचा ॲक्सिलरेटर लागतो, तसा ब्रेकही लागतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. मला स्वतःला ब्रेक नव्हता, ते मात्र ठाऊक नव्हतं.

आता रफीक. रफीक टेलरचं घर माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत आणि दुकान बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. माझे सगळे शर्ट त्यानंच शिवलेले. दिवाळीआधी तो टेप गळ्यात घालून, टाचण्या पुढच्या दातांत धरून दवाखान्यात यायचा, माझं माप घ्यायचा आणि मापाच्या वहीत पोटाचा आकडा लिहिताना एक उसासा टाकायचा. ती वही म्हणजे आमच्या गावाचा इतिहास होता. कोण खंगलं, कोण फुगलं, कुणाचा खांदा उतरला, सगळं इंचांत.

एका दुपारी रफीक माझ्यासमोर येऊन बसला. चाळीस-पंचेचाळिशीचा, काडीसारखा माणूस. वर्षभरापूर्वी त्याला साखर निघाली होती. गोळ्यांना दाद देईना म्हणून मी त्याला इन्सुलिनवर घातलं होतं. एवढ्या बारीक माणसाला एवढी साखर का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण माझी जेवायची वेळ झाली होती.

"साहेब, शर्ट पुढनं वर चाललाय," रफीक म्हणाला.

"कुणाचा?"

"माझाच. ईदला शिवला. पुढनं दोन बोटं वर उचलतोय अन् मागनं कमरंत चुन्या पडत्यात. मला वाटलं कापताना चुकलं. दुसरा शिवला, त्योबी तसाच. तिसऱ्याला पुढनं दोन बोटं कापड जास्त सोडलं, तवा बरोबर बसला. कापड खोटं बोलत न्हाई साहेब. माझ्या अंगातच कायतरी फिरलंय."

मी हसलो. माझं हसणं म्हणजे काय, ते तुम्ही ओळखलंच असेल. "अरे, पोट सुटलं तुझं! आता कळलं का दर दिवाळीला मला काय होतं ते?"

"कंबर तेवढीच हाय साहेब," तो हळूच म्हणाला. "वहीत लिव्हलंय."

त्यानं वही उघडून पुढं केली. मी ती न बघता बाजूला सारली आणि ओरडलो, "पुढचा! खोकला कोण आहे?" रफीक खुर्चीवरून उठता उठता क्षणभर तसाच ताठ थांबला. मला वाटलं, रागावला.

दोन-तीन महिन्यांनी वेगळंच सुरू झालं. रफीकला रस्ता ओलांडता येईना. गल्लीतून भिंतीला बोटं लावत यायचा, छान चालत. भिंत संपली, मोकळा रस्ता आला, की पाय फळ्यांसारखे व्हायचे. एखादा हॉर्न वाजला की जागीच ताठ. आणि बाकावर आडवं करून तपासावं तर सगळं ठीक. नगरला पाठवून मणक्याचा एमआरआय काढला, तोही स्वच्छ. जे माझ्या ध्यानात येत नाही ते पेशंटच्या मनात असतं, हा आम्हा डॉक्टरांचा जुना सिद्धांत. मी निकाल दिला: "रफीक, तुला रोग काही नाही! भीती बसलीय तुझ्या मनात!"

हे मी त्याला एकट्याला सांगितलं. म्हणजे अख्ख्या बाजाराला.

आठ दिवसांत रफीकची बायको शहनाजभाभी दवाखान्यात आली. बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, लोक कापड परत न्यायला लागलेत. तुमी म्हनला भीती, बाजार म्हनतो येड. कात्री हातात धरनाऱ्याला येडा म्हनल्यावर कोन कापड दील? घरी मशीन आनून दिली त्यांना. हात अजून सुतासारखा चालतोय. पन गिऱ्हाईकच न्हाई. समोरच्या दुकानात जाऊन बसले न्हाईत तर दिवाळीपत्तर दुकान बंद पडंल आमचं."

दुकानाला कुलूप मला माझ्या खुर्चीतून दिसत होतं. मी म्हणालो, "भाभी, काळजीच सोडा. भीती मोडायची तर भीतीच्या मधोमध उभं करायचं माणसाला. येत्या बाजारी मी स्वतः नेतो त्याला पलीकडे."

भाऊसाहेब बाहेरून म्हणाले, "साहेब, ज्याला पाण्याचं भ्या वाटतं त्याला हिरीत ढकलत न्हाईत."

मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुम्ही पुड्या बांधा."

बाजाराचा दिवस. मी रफीकचा हात धरून निघालो. प्रेक्षक कमी पडू नयेत म्हणून आधीच दोन-चार लोकांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे शेपाचशे जमले होते. बरं, पन्नास. हात धरल्यावर रफीक बरा चालत होता. रस्त्याच्या मधोमध आल्यावर मी त्याचा हात सोडला, दोन पावलं मागं सरलो, आणि छाती भरून गरजलो, "चल रफीक! जा!"

त्याच वेळी एका टेम्पोनं हॉर्न दिला. आधी हॉर्न की आधी मी, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. टेम्पोवाला शपथेवर सांगतो, आधी डॉक्टर.

रफीक पडला. पडणारा माणूस हात पुढं टाकतो. आपण झोपेतही टाकतो. रफीकनं टाकले नाहीत. उभा ओंडका आडवा व्हावा तसा, हात अंगाला चिकटलेले, तोंडावर. टेम्पो दोन हातांवर थांबला. डांबरावर रक्त आणि त्यात त्याचे पुढचे दोन दात.

मी खाली बसून त्याला उताणा केला. त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट नव्हतंच ते, शहाबादी फरशी होती. पाठीखाली हात घातला, पाठही फरशी. आणि कमरेत एवढी पोकळी, की माझी मूठ आरपार गेली. सोंग करणारा माणूस पोट आवळेल, नाहीतर पाठ आवळेल. दोन्ही एकदम, एवढं घट्ट, आणि तेही दात पडल्यावर, हे जगातला कुठलाही नट करू शकत नाही. मी घाबरलो, आणि घाबरल्यावर मी जे करतो ते केलं. ओरडलो. "रफीक! श्वास घे! रफीक! ऐकतोस का!" प्रत्येक हाकेला हाताखालचं पोट आणखी दगड व्हायला लागलं.

गल्लीतून शहनाजभाभी धावत आली, हाताला कणीक तशीच. घरात ती नवऱ्याशी ज्या भाषेत बोलायची, त्याच भाषेत मला म्हणाली, "पहले तुम चुप बैठो, डॉक्टरसाब! तुम बोले की इनका पेट पत्थर होता!"

मी गप्प बसलो.

तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि पन्नास माणसांना नुसतं बोटानं गप्प केलं. दोन-तीन मिनिटं गेली. माझ्या हाताखाली ती फरशी हळूहळू सैल झाली. पोटाचं पोट झालं. एकतीस वर्षांत मी केलेला सर्वांत गुणकारी उपचार तो: तोंड मिटणे.

रफीकनं डोळे उघडले. तोंड रक्तानं भरलेलं. म्हणाला, "साहेब, शर्ट... म्या सांगितलं हुतं."

त्याच्या हनुवटीला टाके घालून मी पुण्याला माझ्या वर्गमित्राला फोन लावला. हा मेंदूचा मोठा डॉक्टर. कॉलेजात पाच वर्षं माझ्या शेजारी बसला, पण मी बोलत असल्यामुळे त्याला बोलायची संधी मिळाली नव्हती. तीस वर्षांनी प्रथमच मी त्याला बोलू दिलं.

"साखर आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे. इन्सुलिन."

"बारीक आहे?"

"काडी."

"दचकल्यावर वाढतं? मोकळ्या जागेत जास्त?"

"हो."

"कमरेत पोकळी किती दिवसांपासून?"

मी टेबलावरची वही उघडली. भाभीनं ती माझ्यासमोर आणून आपटली होती. रफीकचं स्वतःचं पान होतं तिच्यात. कंबर तेवढीच, आणि पुढची उंची ईदपासून वाढत गेलेली. मी म्हणालो, "सात महिन्यांपासून. शर्ट पुढून दोन बोटं वर जातोय."

त्यानं विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"पेशंटनं. टेलर आहे."

"मग तो तुझ्याकडे कशाला येतो?"

तपासण्या झाल्या, सुया टोचून स्नायूंची वीज बघितली, रक्तात एक अँटीबॉडी भरमसाट निघाली. स्टिफ पर्सन सिंड्रोम. दहा लाखांत एखाद्याला होणारा रोग, आणि तो माझ्या ओट्यापासून वीस पावलांवर शर्ट शिवत होता.

हा रोग काय, हे मी रफीकला समजावलं, कुजबुजत. माझी कुजबूज म्हणजे इतरांचं साधं बोलणं. आमच्या घरी टायगर नावाचा कुत्रा होता. एका पावसाळ्यात मी नवा रेनकोट घालून घरी आलो, तर टायगरनं मला फाटकातच धरला. चोर समजला. अंगातही अशीच राखण असते, बाहेरून येणाऱ्या जंतूंना फाडून खाणारी. कधीकधी तिला आपल्याच अंगातली एखादी चीज चोरासारखी दिसते. रफीकच्या अंगात तिनं ब्रेकचं तेल तयार करणाऱ्या कारखान्यावर दात धरला. ब्रेक कमी पडले, स्नायू सुटेनात. आणि जरा दचकलं की पोट-पाठ एकदम करकचून आवळतात. तीच अँटीबॉडी त्या साखरेशीही नातं सांगते. म्हणजे साखर हा वेगळा पाहुणा नव्हताच, एकाच घरचा होता, आणि मी दोघांना वेगवेगळं जेवायला वाढत होतो.

रफीक विचार करून म्हणाला, "म्हंजी कुत्रं आपलंच, चावलं बी आपल्यालाच. मंग इंजेक्शन कुनाला द्यायचं?"

एवढा नेमका प्रश्न मला परीक्षेत कुणी विचारला असता तर मी अजून तिथंच बसलेला असतो. मी म्हणालो, "दोघांनाही. तुझे स्नायू सैल करायच्या गोळ्या आणि कुत्र्याला शांत करायची सलाईन. पण खरं सांगू का? ती अँटीबॉडी स्वतः चावते की चावणाऱ्याच्या मागं उभी राहून नुसती भुंकते, यावर मोठ्या डॉक्टरांचंही अजून एकमत नाही."

"तुमचं काय मत?"

"माझं मत विचारतोस? दात कमी आहेत का पडलेले?"

तो हसला. तोंडावर हात धरून.

पहिलं काम उरलं होतं ते बाजाराचं. रफीक पुण्याला उपचाराला आहे याची खात्री करून घेतली, आणि बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभा राहिलो. "ऐका हो!" म्हणालो. शेळ्यासुद्धा थांबल्या. "रफीक टेलरला वेड नाही! त्याच्या अंगात रोग आहे, त्यानं स्वतः ओळखला होता, आणि मी त्याला हसलो! वेड लागलं असेल तर मला! ज्याला कापड परत न्यायचंय, त्यानं उद्यापासून औषधही दुसरीकडून न्यावं!" भाऊसाहेब म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेबांचा आवाज कामाला आला. निम्मं गिऱ्हाईक आलं परत. निम्मं नाही आलं. बाजाराच्या कानात एकदा गेलेलं मला सगळं काही बाहेर काढता आलं नाही.

त्यानंतर वर्षभर मला जिकडेतिकडे टायगर दिसायला लागला. कुणाचा हात हलला की माझी चिठ्ठी पुण्याला. नेवाशाकडचे एक निवृत्त गुरुजी हात थरथरतो म्हणून आले, त्यांनाही पिटाळलं. मित्राचा फोन आला. "गुरुजींच्या दम्याच्या औषधानं हात कापतोय. ते औषध कुणी दिलंय, चिठ्ठीवर सही बघ. यांना राखणीनं नाही चावलं. तूच चावलायस." बहुतेक थरथरणाऱ्या हातांमागं राखणीचा काही दोष नसतो, हेही मला शिकावं लागलं. पण राहुरीकडची एक अंगणवाडीताई आली, तिचा उजवा हात आपोआप नाचायचा, ताटं पाडायचा. सासरचे म्हणायचे, मुद्दाम करते. मी तिला आत बोलावलं, दार लावलं आणि तोंड मिटून ऐकलं. सांधे दुखतात, केस गळतात, उन्हात गालांवर चट्टे येतात, हे तिनं पाचव्या मिनिटाला सांगितलं. पूर्वी मी चौथ्या मिनिटाला "पुढचा!" म्हणत असे. तिच्या अंगातली राखण खरंच उलटली होती. उपचारानं हात थांबला.

रफीक बरा झाला, असं म्हणणार नाही. आवरला गेला. कमरेतली पोकळी कमी झाली. दुकान उघडलं. पण रस्ता ओलांडताना भाभीनं कोपर धरायचं, ते चार वर्षं चाललं. आणि दातांची कवळी बसली तरी टाचण्या दातांत धरणं गेलं ते गेलंच. मनगटाला छोटी उशी बांधून तिच्यात टाचण्या खोचतो आता. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. माप घेताना ती उशी माझ्या नाकासमोर येते, तेवढं पुरतं.

मी गेल्या साली दवाखाना बंद केला. ओटा तेवढा राहिला; मी आणि भाऊसाहेब सकाळी तिथं बसतो. या वर्षी मापाची वेळ आली तेव्हा भाऊसाहेब निरोप घेऊन आले. "रफीक म्हनतोय, आज भाभीला घेत न्हाई संगं. येकटाच येतो. अन् म्हनतोय, साहेबांना सांगा."

"काय सांगा?"

"तेवढंच म्हनला. सांगा."

मला कळलं. मी खिशातून रुमाल काढला, घडी घातली आणि तोंडात कोंबला. भाऊसाहेब माझ्याकडे बघून जरा लांब सरकून बसले.

पलीकडे रफीक दुकानाच्या पायरीवरून उतरला. गळ्यात टेप, काखेत वही. त्याच्या दारात भाभी हाताची घडी घालून उभी. तो रस्त्याच्या कडेला थांबला, दोन्हीकडे बघितलं आणि निघाला. चार पावलं. आठ पावलं. मधोमध आला, आणि पाथर्डीकडून एक उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गाणी वाजवत आली. तिनं हॉर्न दिला. लांबलचक, मस्तीत.

रफीक थांबला. ताठ झाला. माझ्या छातीत "रफीक!" ही हाक एवढी मोठी उभी राहिली की रुमालाचे दोन धागे तुटले. मी पोट आत ओढून श्वास कोंडला आणि ओट्याचा खांब धरला. ट्रॉली थांबली. ड्रायव्हरनं गाणी बंद केली. पलीकडे भाभी जागची हलली नाही. रस्त्यावर एवढी शांतता झाली, की बाजाराचा दिवस असून शेळीच्या खुरांचा आवाज आला.

रफीकनं डोळे मिटले. खांदे सोडले. मग एक गुडघा वाकला, मग दुसरा. आणि तो चालायला लागला. भिंत नाही, हात नाही, कुणाची हाक नाही. ओट्याच्या तीन पायऱ्या चढून वर आला, वही ओट्यावर माझ्या शेजारी ठेवली, गळ्यातला टेप काढला आणि काहीच झालं नसल्यासारखा माझ्या पोटाभोवती फिरवला.

आकडा बघितला. वही बघितली. परत टेप बघितला.

"दोन इंच कमी कसं काय भरतंय?" असं स्वतःशीच पुटपुटला. मग मान वर करून माझ्या लालबुंद तोंडाकडे बघितलं, आणि दोन बोटांनी माझ्या तोंडातला रुमाल ओढून काढला.

"साहेब," तो म्हणाला, "श्वास सोडा की आता. म्या कवाच पोचलोय."